बर्फाच्या पोटातला ढग

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भाचीने एक व्हिडिओ पाठवला. उंच काचेचा ग्लास, काठोकाठ लालभडक पेय, तळाशी भिंगासारखे लखलखीत बर्फाचे तीन चौकोन आणि प्रत्येकात एकेक डाळिंबाचा दाणा. खाली कृती: 'पाणी दोनदा उकळा, गार करा, ट्रेमध्ये ओता. काचेसारखा बर्फ तयार!' सोबत तिचा हुकूम, "मामा, एकतीस तारखेला हेच करायचं. बर्फ तुझ्याकडे."

एकतीस तारखेला आमच्या गच्चीवर पंधरा-वीस माणसं जमतात. मालवणहून आलेलं कोकमाचं आगळ, लिंबू, सोडा, किंचित मीठ-जिरं. पिणाऱ्यांच्या ग्लासात गोव्याची फेणी, न पिणाऱ्यांचा तसाच. रंगाची काळजी कोकम घेतं. बर्फ मात्र दरवर्षी तोच, मोतीबिंदू झाल्यासारखा. म्हणून यंदा आज्ञाधारकपणे पाणी दोनदा उकळलं, झाकून गार केलं, ट्रेमध्ये ओतलं. सकाळी ट्रे पिळला आणि मोतीबिंदू जागच्या जागी होता. थोडा लहान झाला होता, इतकंच.

एक तुकडा ट्यूबलाइटसमोर धरून भिंगातून पाहिला. तुम्हीही पाहा, फुकटची करमणूक आहे. कडेला चार-पाच मिलिमीटर बर्फ स्वच्छ असतो. आत जो धूर दिसतो तो धूर नसतोच. बारीक लांबट सुया असतात, सगळ्या मध्याकडे टोक करून. सुई म्हणजे हवेचा बुडबुडा. हवेला रंग नाही, बर्फालाही नाही, तरी दोघं मिळून पांढरे दिसतात, कारण प्रकाश बर्फातून हवेत आणि हवेतून बर्फात जाताना दर वेळी वळतो, परततो आणि शेवटी सगळे रंग सगळीकडे विखुरतात. मीठ, पिठीसाखर, अंड्याचा फेस यांचा पांढरेपणा याच जातीचा.

ही हवा आली कुठून? पाण्यातच होती. मासे तिच्यावरच जगतात. २५ अंशांना एक लिटर पाण्यात सतरा-अठरा मिलिलिटर हवा विरघळलेली असते, शून्य अंशाजवळ ती सुमारे २९ मिलिलिटरपर्यंत जाते. उकळलं की ती निघून जाते, हे व्हिडिओवालीचं म्हणणं खरंच आहे. पण पाणी निवताना तीच हवा पृष्ठभागावरून हळूहळू परत येते, आणि पाणी जितकं गार तितकं तिचं स्वागत जास्त. शिवाय बोअरवेलचं जड पाणी उकळलं की कॅल्शियमचा पांढरा कीस सुटतो आणि तोही बर्फात जाऊन बसतो. म्हणजे एक ढग कमी करायला गेलो आणि दुसरा घालून बसलो.

पण खरी गोम वेगळीच आहे. समजा नव्वद टक्के हवा काढली. उरलेल्या दहा टक्क्यांचा ढग मध्येच का होतो? सगळ्या तुकड्यात सारखा का पसरत नाही?

पंगतीत पाट मोजून मांडावेत तशी बर्फाची रचना असते. पाण्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना धरून बसतो आणि त्यातून षटकोनी जाळी उभी राहते. या पंगतीत ऑक्सिजन, नायट्रोजन, मीठ, साखर, कोकमाचा रंग, कुणालाही पाट नाही. पाणी गोठत जातं तसतसा बर्फ या आगंतुकांना पुढच्या पाण्यात ढकलत राहतो. लहानपणी प्लॅस्टिकच्या नळीतला पेप्सीकोला चोखलाय ना? सगळी गोडी आणि सगळा रंग पहिल्या पाच मिनिटांत संपायचा आणि हातात पांढरा, बेचव बर्फ उरायचा. दुकानदाराने फसवलं नव्हतं. रंग आणि साखर बर्फाच्या जाळीत शिरलेलीच नव्हती, ती फटींमधल्या पाकात होती आणि आपण नेमका पाक ओढून घ्यायचो.

आता ट्रेच्या कप्प्यात काय घडतं पाहा. गारवा सहा बाजूंनी येतो. बाहेरची साल आधी गोठते आणि हवेला आत ढकलते. सहाही बाजूंनी ढकललेली हवा जाणार कुठे? मध्ये पाणी कमी कमी आणि हवा दाट दाट होत जाते, आणि एका क्षणी सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे सुटतात. बर्फ त्यांच्याभोवती वाढत असतानाच बुडबुड्यातही हवा भरत असते, म्हणून तो गोल न राहता लांबतो आणि त्याची सुई होते. शिवाय गोठताना पाणी नऊ टक्के फुगतं, त्यामुळे शेवटी गोठणारा भाग वर टेंगूळ काढतो, कधी बर्फाला तडेही देतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी शहाणा ठरलो असतो. पण मला वेगाचं गणित मांडायचंच आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी एक परिच्छेद ओलांडावा.

घरच्या फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना, उघड्या पृष्ठभागावरून बर्फ तासाला ढोबळमानाने पावणेदोन मिलिमीटर वाढतो, म्हणजे सेकंदाला मिलिमीटरचा साधारण दोन हजारावा भाग. ढकललेला ऑक्सिजन या सरकत्या भिंतीपासून दूर पळू पाहतो, पण रेणूंच्या धक्काबुक्कीतून, म्हणजे विसरणाने. थंड पाण्यात त्याचा विसरणांक, म्हणजे पसरण्याच्या वेगाचं माप, सेकंदाला चौरस मीटरचा सुमारे एक अब्जांश भाग. विसरणांकाला वेगाने भागलं की लांबी मिळते, इथे साधारण दोन मिलिमीटर. हवेची गर्दी भिंतीपुढच्या एवढ्या पट्ट्यात असते. वेग दुप्पट केला तर पट्टा निम्मा होतो, गर्दी लवकर हाताबाहेर जाते आणि बुडबुडे अर्ध्याच अंतरावर सुटतात. सावकाश गोठवलं तर स्वच्छ थर जाड मिळतो. तेव्हा फ्रीझरचं 'क्विक फ्रीझ' बटण आपल्या कामाचं नाही.

तर पाणी पुनःपुन्हा उकळून काही होत नाही. गारवा एकाच बाजूने येऊ द्यायचा आणि हवेला पळायला दुसरी बाजू मोकळी ठेवायची. ही युक्ती तळ्याला कायम ठाऊक आहे. ४ अंशांचं पाणी सगळ्यात जड म्हणून खाली राहतं, वरचं गोठतं आणि हवा-क्षार खालच्या पाण्यात जातात. म्हणून १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडरने बॉस्टनहून जहाजात भरून कलकत्त्याला पाठवलेला बर्फ तळ्यातून कापलेला होता. सुमारे १८० टन निघाला, विषुववृत्त दोनदा ओलांडून १०० टनांच्या आसपास पोचला. पुढे मुंबई-मद्रासलाही बर्फघरं झाली, मद्रासचं आजही उभं आहे. १८४०च्या दशकात लंडनच्या स्ट्रँडवर अमेरिकेतल्या वेनहॅम तळ्याच्या बर्फाची लादी दुकानाच्या काचेत ठेवत आणि तिच्यामागे वर्तमानपत्र. लोकांनी आरपार वाचून खात्री करून घ्यावी म्हणून.

आपल्याकडची लादी पत्र्याच्या डब्यात पाणी भरून, तो डबा थंडगार खाऱ्या पाण्यात बुडवून करतात. गारवा चारही बाजूंनी. म्हणून गाडीवरून उतरणाऱ्या लादीच्या अंगात मधोमध पांढरा कणा दिसतो. नीट चालवलेल्या कारखान्यात गोठताना नळीने हवा सोडून पाणी ढवळत ठेवतात आणि गाभ्यातलं गढूळ पाणी उपसून ताजं भरतात. बुडबुडे घालवायला बुडबुडेच सोडायचे, हे ऐकून माझे विद्यार्थी हसायचे. पण ढवळल्याने तो दोन मिलिमीटरचा पट्टा सतत धुतला जातो. जाता जाता, बर्फ स्वच्छ दिसला म्हणजे पाणी शुद्ध होतं असं नाही. गोठून टायफॉइडचे सगळे जंतू मरत नाहीत. पिण्याच्या पाण्याचा नसेल तर आरसपानी बर्फही नको.

घरी तळं कुठून आणायचं? २००९ साली अमेरिकेतल्या कॅम्पर इंग्लिश या मद्यविषयक लेखकाने याचं सोपं उत्तर दाखवलं: पिकनिकला नेतो तसला थंडपेयांचा खोका, झाकण काढून, पाणी भरून फ्रीझरमध्ये. बाजू आणि तळ गारवा अडवणारे, वरचं तोंड उघडं. आमच्याकडे तसला खोका नव्हता. चपात्यांचा कॅसरोल होता.

फ्रिजमधलं गार पाणी भरून झाकणाशिवाय ठेवला. पहिल्या रात्रीनंतर वर जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरची तबकडी होती. "आणि चपात्या कशात ठेवू?" असं विचारलं गेलं, त्यावर भौतिकशास्त्राकडे उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उलटा केला तेव्हा चारेक सेंटिमीटर जाडीची चकती निघाली आणि मागोमाग न गोठलेलं पाणी. पूर्ण गोठू द्यायचं नाही, नाहीतर ढग खालून येतोच आणि कॅसरोलही फुटू शकतो. चकतीमागे वीजबिल धरलं तर थकबाकीसुद्धा वाचता आली.

आरओवाला विसरून गेलेला टीडीएस मीटर, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, घरात पडून होता. चकतीचा तुकडा वितळवून मोजला तर आकडा मूळ पाण्याच्या निम्म्याहूनही खाली, आणि कॅसरोलमध्ये उरलेल्या पाण्याचा मूळच्यापेक्षा बराच वर. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये विल्यम फॅन यांनी जर्मेनियम हे मूलद्रव्य शुद्ध केलं ते याच न्यायाने: कांडीचा एक अरुंद पट्टा वितळवायचा, तो पट्टा टोकाकडे सरकवत न्यायचा, घाण वितळलेल्या भागात राहते आणि टोकाला जमते. पुनःपुन्हा करायचं. सुरुवातीच्या ट्रान्झिस्टरना असंच जर्मेनियम लागलं.

सजावटीकडे वळू, नाहीतर भाची चिडेल. चकती फ्रीझरमधून काढली की लगेच हात लावू नका. दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवा, वरचं दव जाऊन ओली चकाकी येईपर्यंत. उणे १८ अंशांच्या बर्फाला अचानक ऊब लागली की बाहेरची साल प्रसरण पावते, गाभा हलत नाही आणि तडा जातो. मग दात्यांच्या सुरीने खाच पाडायची आणि सुरीच्या पाठीवर लाटण्याने हलका ठोका द्यायचा. सरळ फुटतो.

गुलाबाची पाकळी, पुदिना तरंगतात, म्हणून गोठणाऱ्या थरात आपोआप अडकतात. डाळिंबाचा दाणा बुडतो आणि आपल्या तळ्याच्या तळाशी, नेमका फेकून द्यायच्या पाण्यात जाऊन बसतो. त्याच्यासाठी तुकड्यात गरम चमच्याच्या दांड्याने खळगा करायचा, दाणा ठेवून बर्फगार पाणी थेंबाथेंबाने भरायचं. दाण्याभोवती पुसटसा ढग राहतोच. गुलाब कुंडीतला गावठी घ्या, फुलवाल्याकडच्यावर औषध मारलेलं असतं. आणि रंग छान दिसतो म्हणून कण्हेर, बिट्टी किंवा धोत्रा पेयाजवळ आणू नका, तिन्ही विषारी.

सोड्यात टाकलेला हा बर्फ जवळजवळ दिसेनासा होतो. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळवतो त्याचं माप, १.३३, बर्फाचा १.३१. एवढ्याशा फरकाने प्रकाश फारसा वळत नाही, कडा पुसल्या जातात आणि पाकळी ग्लासात अधांतरी लटकल्यासारखी दिसते. कोकमाच्या गडद लालीत मात्र ही गंमत जाते. त्याला आधी सोडा, मग बर्फ, आगळ शेवटी बाजूने सोडायचं. ते जड असल्याने तळाशी उतरतं.

स्वच्छ बर्फ हळू वितळतो, असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. वितळण्याचा वेग मुख्यतः पृष्ठभागावर ठरतो: मोठा तुकडा हळू, चुरा पटकन. १०० ग्रॅम सरबत २५ वरून ५ अंशांवर आणायचं तर शून्य अंशाचा तेवीस-चोवीस ग्रॅम बर्फ वितळावाच लागतो, तो ढगाळ असो की निरभ्र. यातून सुटका म्हणून ग्लासात टाकायचे गुळगुळीत दगड विकतात. दगड वितळत नाही, म्हणूनच तो फारसा गारही करत नाही.

आणि पाण्याशी प्रेमाने बोललं की स्फटिक सुंदर होतात, हा जपानच्या मासारू इमोटोंचा दावा आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर वर्षातून दोनदा फिरतो. त्याच जपानात उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली होक्काइदोच्या प्रयोगशाळेत सशाच्या केसावर हिमस्फटिक वाढवून दाखवला, आणि त्याचा आकार तापमान आणि हवेतलं बाष्प यांवर ठरतो हे मोजून मांडलं. त्यांचे फोटो ग्रुपवर येत नाहीत. मी कॅसरोलशी बोललो नाही. घरातल्यांनी त्याला उद्देशून जे काही म्हटलं, त्याचा चकतीवर परिणाम दिसला नाही.

एकतीस तारखेला भाची आली, ग्लास उजेडात धरून खूश झाली आणि मग तिने विचारलं, "पण मग त्या बाईचा बर्फ नुसतं उकळून इतका स्वच्छ कसा?"

व्हिडिओ पुन्हा लावला. काठोकाठ भरलेला ग्लास आणि तळाशी बसलेले तीन चौकोन. बर्फाची घनता पाण्याच्या ०.९२ पट, तो तरंगायला हवा होता. जाहिरातींच्या फोटोत वापरतात तसल्या प्लॅस्टिकच्या, म्हणजे अ‍ॅक्रिलिकच्या, चौकोनांची घनता १.१८ पट.