‘अभिषिक्ताला हात लावू नका’ म्हणजे हिशेब विचारू नका?

नवापूर-नंदुरबारकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या ग्रुपवर फिरणारी जुनी ओळ: पाळक (चर्चचा धर्मगुरू) अभिषिक्त, म्हणजे देवाने नेमलेला आहे, त्याला प्रश्न विचारणं पाप. आधार म्हणून बायबलचं ‘अभिषिक्ताला हात लावू नका’ हे वचन.

वचन खरं आहे, अर्थ ताणलेला. स्तोत्र 105 उघडा आणि 15वी ओवी एकटी न वाचता 9पासून वाचा. बोलणं अब्राहाम, इसहाक, याकोब या इस्राएलाच्या पूर्वजांबद्दल आहे आणि ताकीद राजांना आहे: या परक्या वाटसरूंना इजा करू नका. हिशेबाचा तिथे विषयच नाही.

दावीदाच्या जिवावर उठलेला राजा शौल एका गुहेत त्याच्या हाती सापडला, तरी दावीदाने त्याला अभिषिक्त म्हणून मारलं नाही. झग्याचा काठ तेवढा कापला. पण लगेच गुहेबाहेर येऊन शौलाचा अन्याय सर्वांसमोर बोलून दाखवला (1 शमुवेल 24). म्हणजे हात उचलणं वेगळं, विचारणं वेगळं.

पाळकाला संरक्षण आहेच, तेही नेमकं: दोन-तीन साक्षीदारांशिवाय आरोप ऐकू नये (1 तीमथ्य 5:19). पुढचीच ओवी मात्र दोषीला सर्वांदेखत दोष द्यायला सांगते. फॉरवर्डमध्ये ती कधी येत नाही! शिवाय याकोबाच्या पत्राप्रमाणे (3:1) वचन शिकवणाऱ्याचा न्याय अधिक कडक.

दानाचंही तसंच. प्रेषित पौलाने मंडळ्यांची वर्गणी एकट्याने नेली नाही, सोबत मंडळ्यांनी निवडलेला माणूस घेतला (2 करिंथ 8:19-21). म्हणून रविवारी दानपेटी दोघांनी मोजावी, वहीत आकडा लिहून दोघांनी तिथेच सही करावी. ‘नंतर लिहू’ म्हटलं की घोळ होतो, आणि संशय बिचाऱ्या पाळकावर येतो.