थूनच्या तळ्याकाठचे तीन उन्हाळे

जर्मन संगीतकार योहानेस ब्राम्सच्या ए मेजर या स्वरमेळातल्या व्हायोलिन सोनाटाला, म्हणजे व्हायोलिन आणि पियानोसाठीच्या रचनेला, ‘थून सोनाटा’ असंही म्हणतात. थून हे स्वित्झर्लंडमधलं, त्याच नावाच्या सरोवराच्या टोकाशी वसलेलं गाव. आरे नदी सरोवरातून बाहेर पडते ती इथेच.

ब्राम्स राहायचा व्हिएन्नात, आणि तिथल्या संगीतकारांचं वर्ष तेव्हा सरळ दोन भागांत पडे. हिवाळा मैफलींचा आणि दौऱ्यांचा. उन्हाळा लागला की शहर सोडायचं, कुठंतरी खोल्या भाड्यानं घ्यायच्या आणि लिहायला बसायचं. ब्राम्सला तळ्याकाठच्या जागा मानवतही होत्या. १८७७ ते १८७९ हे तीन उन्हाळे तो ऑस्ट्रियातल्या पोर्टशाखला राहिला, आणि दुसरी सिम्फनी नि व्हायोलिन कंचेर्टो (वाद्यवृंदाच्या साथीनं एकल वादकानं वाजवायची रचना) तिथेच आकाराला आले.

थूनला तो १८८६ मध्ये आला, वयाच्या ५३ व्या वर्षी. गावाला लागून असलेल्या होफस्टेटनमध्ये, आरेच्या काठी, त्यानं खोल्या घेतल्या. समोर बर्फाची शिखरं होतीच, पण माझ्या मते खरं आकर्षण होतं ते जेमतेम ३० किलोमीटरवरचं बर्न. तिथे त्याचा मित्र योझेफ व्हिक्टर विडमान राहायचा. विडमान नाटककार होता आणि ‘डेर बुंड’ या वृत्तपत्राचं साहित्याचं पानही सांभाळायचा. शनिवार-रविवारी ब्राम्स खांद्याला चामडी पिशवी अडकवून त्याच्याकडे जाई. पिशवीत मागच्या खेपेला वाचायला नेलेली पुस्तकं असत. ती परत करायची नि नवी घ्यायची.

हे येणं-जाणं इतकं सहज झालं ते रेल्वेमुळे. सरोवरात वाफेची बोट १८३५ पासून होती, बर्नहून थूनला आगगाडी १८५९ मध्ये आली, आणि १८६३ पासून सहली काढणारा थॉमस कुक इंग्रज प्रवाशांचे जथे स्वित्झर्लंडला आणू लागला होता. निवांतपणाही शेवटी वेळापत्रकावर चालतो!

पाहुणे थूनलाही येत. पहिल्याच उन्हाळ्यात कवी क्लाउस ग्रोट आला, गायिका हेर्मिने श्पीस आली. श्पीसच्या आवाजावर ब्राम्स लुब्ध होता, तिच्यासाठी त्यानं गाणीही केली. ग्रोटच्या एका कवितेला त्यानं चाल लावली आणि तिची छटा त्या सोनाटाच्या पहिल्या भागात ऐकू येते. म्हणजे पाहुण्यांनी कामात खोडा घातला नाही, ते कामातच उतरले. त्या एका उन्हाळ्यात या सोनाटाबरोबर दुसरा चेलो सोनाटा आणि सी मायनरमधली पियानो त्रयीही (पियानो, व्हायोलिन आणि चेलोसाठीची रचना) तयार झाली. सुट्टी म्हणावी तर ही असली.

दुसऱ्या उन्हाळ्याची, म्हणजे १८८७ ची, गोष्ट वेगळी. व्हायोलिनवादक योझेफ योआखिम हा ब्राम्सचा जुना मित्र. पण योआखिमच्या घटस्फोटाच्या प्रकरणात ब्राम्सनं त्याच्या पत्नीची बाजू घेतली आणि दोघांचं बिनसलं. थूनला बसून ब्राम्सनं व्हायोलिन आणि चेलो अशा दोन वाद्यांसाठी कंचेर्टो लिहिला आणि तो योआखिमपुढे ठेवला. माफीची चिठ्ठी लिहिण्यापेक्षा त्याला हे सोपं गेलं असावं. १८ ऑक्टोबर १८८७ रोजी कोलोनमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. व्हायोलिन योआखिमनं वाजवलं, चेलो रॉबर्ट हाउसमाननं, आणि वाद्यवृंदाचं संचालन खुद्द ब्राम्सनं केलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात, १८८८ मध्ये, तिसरा व्हायोलिन सोनाटा पुरा झाला. पुढच्या वर्षापासून ब्राम्सचे उन्हाळे ऑस्ट्रियातल्या इश्लला जाऊ लागले.