बिनपॉलिश तांदळाच्या पुलावात कणी का राहते?

बिनपॉलिश तांदळाचा पुलाव बिघडला की सल्ला ठरलेला असतो: पाणी वाढवा. तसं केलं की दाणा बाहेरून फुटतो, सगळ्याचा गिचगोळा होतो आणि आतली कच्ची कणी मात्र तशीच राहते. भांड्यात पाणी कमी नसतंच. ते दाण्याच्या आत पोचत नाही.

भाताचं तूस काढल्यावर जो तपकिरी दाणा उरतो, त्याच्या वजनाचा साधारण 8 ते 10 टक्के भाग कोंड्याचा असतो. या कोंड्यात तंतू आहेत, तेलही आहे. तेल पाण्याला अडवतं. पॉलिश केलेल्या दाण्यात पाणी चहूबाजूंनी शिरतं. इथे ते अंकुराच्या टोकाकडून आणि कोंड्यातल्या बारीक भेगांतून हळूहळू झिरपतं. आत पिष्टाचे कण घट्ट बांधलेले असतात. जातीनुसार साधारण 65 ते 75 अंश सेल्सिअसला ते पाणी पिऊन फुगतात आणि मऊ होतात, पण त्या वेळी त्यांच्यापाशी पाणी असायला हवं. उष्णता दाण्याच्या मध्यापर्यंत मिनिटा-दोन मिनिटांत पोचते. पाण्याला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. शिजवलेला दाणा दोन काचांमध्ये दाबून उजेडात धरा. कच्चं राहिलेलं पिष्ट मधोमध खडूसारख्या पांढऱ्या ठिपक्यात दिसतं. ती कणी.

म्हणून पाणी आधीच आत नेऊन ठेवायचं. एक वाटी उकळतं आणि दोन वाट्या नळाचं पाणी मिसळलं की सुमारे 50 अंशांचं पाणी मिळतं. एवढ्यावर पिष्ट फुगत नाही, पण गार पाण्यापेक्षा शोषण बरंच वेगाने होतं. धुतलेला तांदूळ त्यात झाकून तास-दीड तास ठेवा. 300 ग्रॅम तांदूळ निथळल्यावर 370 ग्रॅमच्या आसपास भरला तर दाणा हवं तेवढं पाणी प्याला. थेट उकळतं पाणी ओतू नका. बाहेरचा थर आधीच चिकट होतो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे. इथे उघड्या भांड्यातलं पाणी 97-98 अंशांनाच उकळतं. पिष्टाला तेवढं पुरतं, पण कोंड्याचे तंतू सैल व्हायला जास्त वेळ लागतो. चोर्ल्याचा घाट उतरून पणजीला जमलेली वेळ इथे थोडी कमी पडते. कुकरमध्ये पाणी 120 अंशांच्या जवळ जातं आणि ही अडचणच उरत नाही. कुकरने अन्नातलं सत्त्व जातं म्हणणारे भाताचं वरचं पाणी मात्र खुशाल ओतून देतात, आणि ब गटातली जीवनसत्त्वं जातात ती त्या पाण्याबरोबर.

आता पुलावातलं मांस. कमी चरबीचं म्हणून कोंबडीची छाती घेतली की दुसरा पेच उभा राहतो. छातीच्या स्नायूतलं मायोसिन हे प्रथिन 50 अंशांच्या पुढे आवळू लागतं, अॅक्टिन हे दुसरं प्रथिन 66 ते 73 च्या दरम्यान. मग तंतू आखडतात आणि पाणी बाहेर पिळून टाकतात. या भागात कोलॅजन, म्हणजे शिजून विरघळणारं चिवट प्रथिन, फार कमी, त्यामुळे जास्त शिजवून मऊपणा येत नाही, चोथा होतो. मांस सुरक्षित व्हायला मध्यभागी 74 अंश पुरे. ते तांदळाबरोबर कुकरात घालणं म्हणजे ते वाळवणं. बोकडाच्या मांडीचं उलट: तिथलं कोलॅजन विरघळायला वेळ हवाच. ते आधी वेगळं शिजवा, रस्सा गार करून वरची चरबी काढा आणि पाण्याऐवजी तोच तांदळात घाला.

चौघांसाठी 300 ग्रॅम तांदूळ आणि 400 ग्रॅम बोनलेस छाती घ्या. तीन सेंटिमीटरच्या फोडींना 4 ग्रॅम मीठ लावून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मिठाने स्नायूतली काही प्रथिनं सैल होतात आणि पाणी धरून ठेवतात. कुकरमध्ये दोन चमचे तेलात तमालपत्र, लवंग, दालचिनी आणि दोन उभे चिरलेले कांदे परता. आलं-लसूण, मिरची, मग निथळलेला तांदूळ दोन मिनिटं. 450 मिलिलिटर उकळतं पाणी आणि चवीपुरतं मीठ घालून एक शिट्टी काढा, मंद आचेवर 12 ते 14 मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. टोमॅटो किंवा दही इथे नको. आंबटपणामुळे वनस्पतींच्या पेशीभित्ती सैल व्हायला उशीर लागतो, कोंडा वातड राहतो.

त्याच वेळी कढईत चमचाभर तेलावर फोडी बाहेरून पांढऱ्या होईपर्यंत परता. त्या भातावर पसरून टोमॅटो घाला, झाकण ठेवा आणि खाली तवा सरकवून मंद आचेवर 8 ते 10 मिनिटं वाफ द्या. सर्वांत मोठी फोड कापून बघा; आत गुलाबी दिसली तर आणखी दोन मिनिटं. लिंबू ताटातच पिळा.

पाकिटावर 'मधुमेहींसाठी' असं ठळक छापलेलं असलं तरी भुलू नका. 100 ग्रॅम कोरड्या तांदळात पांढरा असो वा तपकिरी, साधारण 360 कॅलरी असतात. फरक तंतूंत, मॅग्नेशियममध्ये आणि थायमिनमध्ये (ब1 जीवनसत्त्वात) आहे. तो खरा आहे. जावामध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आइकमन या डच डॉक्टरांना पॉलिशच्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडताना दिसल्या, कारण कोंड्याबरोबर थायमिन गेलेलं होतं; त्या कामासाठी त्यांना 1929 चं नोबेल मिळालं. पण म्हणून वाटीऐवजी परातभर भात खायची मुभा मिळत नाही.

खानापूरकडे ज्यांच्या घरचं भात आहे, त्यांनी गिरणीत रबर रोलवर फक्त तूस काढायला सांगावं. जुना लोखंडी हलर तुसाबरोबर कोंडाही ओरबाडतो. इंद्रायणी असा काढला तर पांढऱ्या इंद्रायणीइतका चिकटत नाही, कारण कोंडा पिष्ट बाहेर येऊ देत नाही. मात्र त्यातलं तेल पावसाळी हवेत लवकर खवट होतं, तेव्हा एका वेळी महिन्याचाच काढावा.

उरलेला पुलाव तासाभरात उथळ डब्यात पसरून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. बॅसिलस सेरिअस या जंतूचे बीजाणू उकळूनही जगतात, बाहेर राहिलेल्या भातात वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं उलटी आणणारं विष भात पुन्हा कितीही गरम केला तरी नष्ट होत नाही.