पट्टा एका कंपनीचा, घड्याळ दुसऱ्या कंपनीचं: जुळतं का?

डिसेंबरातल्या मॅरेथॉनचे वेध लागले की पुण्यातल्या टेकड्यांवर आणि सिंहगडाच्या वाटेवर पळणाऱ्यांची गर्दी वाढते. मनगटावर घड्याळ असतंच, आता छातीला बांधायचे हृदयगतीचे पट्टेही दिसू लागलेत. त्यांच्याबरोबर एक गैरसमजही आला आहे आणि तो दुकानदारही ठामपणे सांगतात: घड्याळ ज्या कंपनीचं, पट्टाही त्याच कंपनीचा घ्यावा लागतो. हे खरं नाही. कंपनी जुळण्याची गरज नसते, रेडिओची भाषा जुळावी लागते. ही भाषा इतकी हुशारीने बांधलेली आहे की ती समजून घेण्यासारखी आहे.

त्याआधी, घड्याळाच्या पोटाशी हिरवा दिवा लुकलुकत असताना पट्टा हवाच कशाला? हिरवा प्रकाश रक्तात चांगला शोषला जातो. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त किंचित वाढतं, परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो आणि त्यावरून घड्याळ ठोके मोजतं. शांत बसलात तर हे उत्तम चालतं. पळताना मात्र हात हलतो, घड्याळ सरकतं आणि प्रत्येक पावलागणिक प्रकाशात चढउतार होतो. पावलं मिनिटाला १७० पडत असतील तर घड्याळ कधीकधी पावलंच मोजून ‘हृदयगती १७०’ असं सांगतं! मनगटावर गोंदलेलं असेल तर ती शाईही प्रकाश गिळते.

पट्टा प्रकाशाच्या वाटेलाच जात नाही. ठोका ही आधी विद्युत घटना असते, स्नायूचं आकुंचन त्यानंतर होतं. छातीच्या कातडीवर ही वीज साधारण एक मिलिव्होल्ट इतकीच उमटते. पट्ट्याच्या आतल्या बाजूचे दोन इलेक्ट्रोड ती टिपतात आणि ईसीजीमध्ये दिसणारं उंच टोक, म्हणजे ‘आर’ लहर, कोणत्या क्षणी आलं याची नोंद ठेवतात. त्यासाठी कातडी ओली हवी. वरचा मृत पेशींचा थर कोरडा असला की वीज नीट वाहत नाही, खारट घाम आला की वाहते. ईसीजीसाठी १९२४ सालचं नोबेल मिळवणारे विलेम आइन्थोवेन तर रुग्णाचे हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवायला लावत! म्हणून थंडीत पहाटे निघताना पट्ट्याचे इलेक्ट्रोड पाण्याने नीट भिजवून घ्या. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं आकडे वेड्यासारखे उड्या मारत असतील तर दोष बहुतेक वेळा कोरड्या कातडीचा असतो, कोरड्या हवेत सिंथेटिक टीशर्टच्या घर्षणाने तयार होणाऱ्या स्थिर विजेचाही असतो. पट्टा बिघडलेला नसतो.

आता मुख्य गोष्ट. छातीवरचा ठोका मनगटापर्यंत जातो कसा?

आज प्रचलित भाषा दोन, ॲन्ट प्लस आणि ब्लूटूथ लो एनर्जी. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, पण स्वभाव अगदी वेगळे. ॲन्ट प्लस म्हणजे आकाशवाणी: पट्टा सेकंदाला साधारण चार वेळा आपला संदेश हवेत सोडतो, मग तो एका घड्याळाने ऐकला की दहांनी, की कोणीच नाही, याची त्याला खबरही नसते. ब्लूटूथ म्हणजे फोन: एकाने लावायचा, दुसऱ्याने उचलायचा आणि प्रत्येक पुडक्याची, म्हणजे माहितीच्या तुकड्याची, पोच द्यायची. पोच आली नाही तर पुडकं पुन्हा पाठवलं जातं.

मग ज्या ॲन्ट प्लसमध्ये पोचच नाही, तिथे मधले संदेश हरवले तर ठोके हरवणार नाहीत का? मला या विषयात सर्वांत आवडतं ते याचं उत्तर. प्रत्येक संदेश फक्त आठ बाइटचा. त्यात तयार हृदयगती असतेच, पण शिवाय दोन गोष्टी असतात: शेवटच्या ठोक्याचा चढता क्रमांक आणि तो ठोका पडल्याची वेळ, सेकंदाच्या १०२४व्या भागात. समजा एका संदेशात क्रमांक ४१ आणि वेळ २०४८० आली. पुढचे काही संदेश हरवले. मग जो मिळाला त्यात क्रमांक ४४ आणि वेळ २१६३२. वजाबाकी करा. ठोके ३, वेळ ११५२ भाग, म्हणजे १.१२५ सेकंद. तीन भागिले १.१२५, गुणिले ६०: मिनिटाला बरोबर १६० ठोके. मधलं काहीही न ऐकता सरासरी अचूक मिळाली!

क्रमांकाला एकच बाइट, म्हणजे ० ते २५५ एवढ्याच आकड्यांची जागा, मिळाल्यामुळे तो २५५ नंतर पुन्हा शून्यावर येतो आणि वेळही ६४ सेकंदांनी शून्यावर येते. पण वजाबाकी २५६ च्या चक्रात केली की तेही जमतं: २५४ नंतर थेट २ दिसला तर मध्ये चार ठोके झाले. संपर्क मिनिटभराहून जास्त तुटला तरच हिशेब चुकतो. ब्लूटूथच्या संदेशात क्रमांकाऐवजी दोन ठोक्यांमधली अंतरंच पाठवता येतात, तीही सेकंदाच्या १०२४व्या भागांतच. ब्लूटूथ लो एनर्जी २०१० साली आलं आणि हृदयगतीची सामायिक नियमावली २०११ साली ठरली. या सगळ्या नियमावल्या उघड आहेत, म्हणूनच एका कंपनीचा पट्टा दुसऱ्या कंपनीच्या घड्याळाला कळतो. गार्मिनची स्पोर्ट्स घड्याळं सहसा दोन्ही भाषा जाणतात, ॲपल आणि पोलरची घड्याळं फक्त ब्लूटूथ. आज बरेच पट्टे दोन्हींत बोलतात, तसा घेतलात की प्रश्न मिटला.

तरी लोकांचं अडतं, आणि दोनच ठिकाणी अडतं. पहिलं, लाइन व्यस्त असणं. अनेक पट्टे ब्लूटूथवर एका वेळी एकाशीच बोलतात, काही दोघांशी. खिशातल्या फोनमधल्या ॲपने पट्टा आधीच पकडून ठेवला असेल तर घड्याळ ‘सेन्सर सापडला नाही’ असंच म्हणणार. फोनचं ब्लूटूथ बंद करा आणि पुन्हा शोधा. दुसरं अडणं अधिक खोल आहे. ब्लूटूथ लो एनर्जीमध्ये भूमिका ठरलेल्या असतात: एक विचारणारा, एक सांगणारा. पट्टा सांगणारा. पण स्वस्त स्मार्टवॉचही बहुधा सांगणारंच असतं, फोनला माहिती देण्यापुरतं बनवलेलं. दोन सांगणारे एकमेकांशी बोलू शकत नाहीत. त्यामुळे खोक्यावर ‘ब्लूटूथ’ लिहिलंय यावर जाऊ नका, सेटिंग्जमध्ये बाहेरचा सेन्सर जोडायची सोय आहे का ते दुकानातच उघडून पाहा. एक मर्यादा मात्र खरी आहे: पाऊल जमिनीवर किती वेळ टेकतं असल्या जादा मोजमापांना कंपन्या बऱ्याचदा आपल्याच घड्याळापुरतं ठेवतात. ठोके सर्वांना, जादाचं घरच्यांना.

‘छातीला सतत करंट बसतो’ ही भीतीही ऐकू येते. पट्टा हृदयाला वीज देत नाही, तिथली वीज ऐकतो. त्याचा रेडिओ साधारण एक मिलिवॅटचा, खिशातल्या मोबाइलच्या कमाल शक्तीपुढे नगण्य. पेसमेकर असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच बांधा. गंमत म्हणजे हीच भीती बाळगणारी माणसं रक्ताभिसरणासाठी मनगटात चुंबकाचं कडं घालतात. रक्तातलं लोह चुंबकाकडे ओढलं जातं हे साफ खोटं आहे. ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूरच ढकललं जातं, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉरिएल यांनी १९३६ सालीच दाखवलं. ‘ऊर्जा’ देणारे मनगटी पट्टे विकणाऱ्या पॉवर बॅलन्सला तर ऑस्ट्रेलियात २०१० साली जाहीर कबुली द्यावी लागली, की आपल्या दाव्यांना विश्वासार्ह वैज्ञानिक पुरावा नाही.

पुण्याच्या टिळक तलावावर पोहायला जाणाऱ्यांसाठी वेगळा नियम. पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी काही सेंटिमीटरांतच शोषून टाकतं, त्यामुळे पाण्याखाली ब्लूटूथ आणि ॲन्ट प्लस दोन्ही मुके. पाण्याचा रेणू नेमका याच वारंवारतेला थरथरतो असं सांगितलं जातं, तेही बरोबर नाही. पाण्याचं शोषण वारंवारतांच्या खूप रुंद पट्ट्यात पसरलेलं असून त्याचं शिखर २० गिगाहर्ट्झच्या आसपास आहे. यावर उपाय जुन्या तंत्रात आहे. पोलरच्या काही पट्ट्यांत आजही ५ किलोहर्ट्झचं चुंबकीय प्रवर्तन असतं आणि ते पाण्यातून आरामात जातं, फक्त घड्याळात ते टिपणारा रिसीव्हर असायला हवा. नाहीतर ठोके स्वतःच्याच स्मृतीत साठवणारा पट्टा घ्या. बाहेर आल्यावर तो सगळा हिशेब घड्याळाला देतो. पण इथेही कंपनीची कुंपणं आहेत, म्हणून पोहण्यासाठी घेत असाल तर हे आधी विचारून घ्या.

आणि घरी आल्यावर पट्ट्यावरची रेडिओ आणि सेल असलेली डबी काढून ठेवा. ओल्या पट्ट्याला जोडलेली राहिली की तिला वाटतं अजून कोणीतरी तो बांधलेलाच आहे, ती चालूच राहते आणि आतला बटन सेल वेळेआधी संपतो.