पडल्याची जखम आणि मारल्याची जखम: ट्रॉमा वॉर्डात काय दिसतं

माणूस पडतो तेव्हा शरीराचे जे भाग पुढे आलेले असतात ते आधी आपटतात. कपाळ, नाक, हनुवटी, कोपर, गुडघा, तळहात. कान सहसा आपटत नाही, दंडाची आतली बाजू आपटत नाही, गळा तर नाहीच नाही, कारण डोकं आणि खांदा मध्ये येतात. त्यामुळे कॅज्युअल्टीत एखादी बाई "बाथरूममध्ये पाय घसरला" म्हणते आणि तपासल्यावर डाव्या कानाचा पडदा फाटलेला आणि दंडाच्या आतल्या बाजूला चार बोटांचे वळ निघतात, तेव्हा अनुभवी डॉक्टर केसपेपरवर लिहिता लिहिता थांबतो.

कानाखाली बसलेली चपराक हा साधा प्रकार समजला जातो आपल्याकडे, पण त्यात नक्की काय होतं ते बघा. पंजा कानावर सपाट बसला की कानाच्या नळीचं तोंड क्षणभर बंद होतं, आतली हवा एकदम दाबली जाते आणि तो दाब पडद्यावर जातो. पडदा फाटतो, कानात शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत राहतो, कमी ऐकू येतं. मारणारे बहुतेक उजव्या हाताचे आणि समोरासमोर उभे, म्हणून डावा कान जास्त वेळा सापडतो. बहुतेक पडदे काही आठवड्यांत आपोआप भरून येतात, फक्त कानात पाणी जाऊ द्यायचं नाही आणि घरगुती उपाय म्हणून तेल तर अजिबात टाकायचं नाही, इन्फेक्शन होतं आणि मग भरणारं भोकही भरत नाही.

जबड्याचंही तसंच. खालचा जबडा म्हणजे दोन्ही कानांपासून हनुवटीपर्यंत वळलेलं एकच हाड, कवटीला दोन्हीकडे सांध्याने जोडलेलं, आणि बांगडी दाबली तर जशी बऱ्याचदा एकाऐवजी दोन जागी तुटते तसा ठोसा एका बाजूला बसला तरी दुसऱ्या बाजूलाही फ्रॅक्चर निघू शकतं. म्हणून एक फ्रॅक्चर दिसलं की सर्जन दुसरं शोधतातच. पेशंटला विचारतात "दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसतायत का?", आणि तो "नाही" म्हणाला की एक्सरे यायच्या आधीच निम्मं निदान झालेलं असतं.

आता मारणाऱ्याच्या हाताकडे बघू, कारण तोही त्याच कॅज्युअल्टीत येतो, बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांनी. बोटाच्या मुळाशी जो उंचवटा असतो त्यावर अर्धा सेंटिमीटरची एक फालतू वाटणारी चीर, आणि पूर्ण पंजा टम्म सुजलेला. मूठ वळलेली असताना समोरच्याचा दात त्या सांध्यात घुसलेला असतो. नंतर मूठ उघडली की कातडी आणि तिच्याखालची बोट सरळ करणारी दोरी (टेंडन) मागे सरकते, आतलं भोक झाकलं जातं आणि थुंकीतले जंतू सांध्यात बंद होतात. वरून बघितलं तर काहीच नाही. घरी पट्टी मारून बसलेल्या माणसाचा सांधा आत सडत असतो. ही चीर टाके घालून बंद करायची नसते, उलट उघडून धुवावी लागते, अँटिबायोटिक द्यावी लागतात, आणि हे सगळं त्याने खरं सांगितलं तरच वेळेवर होतं. "दरवाजात हात अडकला" म्हटलं की टाका पडतो आणि बोट कायमचं कडक होऊ शकतं.

काठीने मारल्याची खूण तर कोणी एकदा पाहिली की विसरत नाही. दोन समांतर लाल-जांभळ्या रेघा आणि मधे फिकट पट्टा. काठी जिथे बसते तिथलं रक्त दोन्ही बाजूंना ढकललं जातं आणि कडेच्या बारीक रक्तवाहिन्या ताणून फुटतात, म्हणून वळ दोन्ही कडांना उठतो, मधे नाही. जिन्यावरून पडून असा वळ उठत नाही. आणि काठी अडवायला हात वर केला तर कोपर ते मनगट यातलं करंगळीच्या बाजूचं हाड एकटंच मोडतं, हे फ्रॅक्चर बघून डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात, काही अडवायला गेला होतात का.

धारदार हत्याराचं वेगळं. पुण्याच्या बातम्यांत कोयता हा शब्द इतका यायला लागलाय की वाचणाऱ्याला त्याचं काही वाटेनासं झालंय, पण एका वारात हाताचं काय होतं ते बातमीत येत नाही. डोक्यावर येणारा वार माणूस तळहाताने किंवा मनगटाने अडवतो. तिथे कातडीखाली लगेच बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या आहेत, त्यांच्या शेजारी संवेदनेच्या नसा आणि रक्तवाहिन्या. जखम टाके घालून भरते पण बोट वाकत नाही, टोकाला स्पर्श कळत नाही. दोऱ्या जोडायचं ऑपरेशन, मग आठवडेच्या आठवडे स्प्लिंट, मग काही महिने फिजिओथेरपी, आणि एवढं करूनही पकड आधीसारखी येईलच असं नाही. गवंडी, वेल्डर, रिक्षावाला, भाजी चिरणारी बाई, यांचं पोट त्या पकडीवर आहे. डिस्चार्ज मिळाला म्हणजे बरा झाला असं आपण धरून चालतो, ते इथे खोटं ठरतं.

(चाकू अंगात रुतलेला असेल तर ओढून काढू नका, तो आत असताना रक्तवाहिनी दाबून धरत असू शकतो. तसाच स्थिर ठेवून हॉस्पिटल गाठा.)

ज्या जखमा मला सगळ्यात जास्त घाबरवतात त्या मात्र बाहेरून दिसत नाहीत. पहिली कानशिलावरच्या फटक्याची. तिथलं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटते आणि कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठत जातं. माणूस काही मिनिटं बेशुद्ध होतो, मग उठून बसतो, बोलतो, चहा पितो, घरचे म्हणतात चला वाचला, आणि काही तासांनी त्याला उलट्या सुरू होतात, झापड येते, एका डोळ्याची बाहुली मोठी होते. सीटी स्कॅन आणि ऑपरेशन वेळेत झालं तर असा माणूस पूर्ण बरा होऊन घरी जाऊ शकतो. झोपू दे त्याला, सकाळी बघू, म्हटलं तर सकाळ उजाडत नाही.

दुसरी गळा दाबल्याची. गळ्यावर बऱ्याचदा ओरखडाही नसतो. आवाज बसलेला, गिळताना दुखणं, डोळ्यांत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, एवढ्याच खुणा, आणि कधी त्याही नाहीत. पण मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीचं आतलं अस्तर फाटलेलं असू शकतं आणि काही दिवसांनी त्यातून पॅरालिसिसचा झटका येऊ शकतो. "नवऱ्याने नुसता गळा धरला होता" यातला नुसता हा शब्द डॉक्टरने ऐकून सोडून द्यायचा नसतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी, शरीर सगळं सांगत नाही. वळाच्या रंगावरून तो अमुक दिवशीचा असं ठाम सांगता येत नाही, पिवळा रंग साधारण १८ तासांच्या आत येत नाही इतकंच भरवशाचं आहे. आणि भुवईवरची कातडी हाडावर ताणलेली असल्यामुळे साध्या ठोशानेही ब्लेड मारल्यासारखी सरळ फाटते. म्हणून जखमेचं वर्णन आणि पेशंटचं म्हणणं दोन्ही नीट लिहावं लागतं, एकावर भागत नाही.

आणि लिहिण्यानेच किती फरक पडतो याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण वेल्समधल्या कार्डिफ शहराचं आहे. जोनाथन शेफर्ड हे तिथले जबड्याचे आणि चेहऱ्याचे सर्जन. शनिवार-रविवारी पबमधल्या मारामारीत फुटलेले चेहरे शिवत असताना त्यांच्या लक्षात आलं की हॉस्पिटलमध्ये येणाऱ्या मारहाणीच्या केसेसपैकी मोठा हिस्सा पोलिसांच्या नोंदीत नाहीच. लोक घाबरतात, कोर्टकचेरी नको म्हणतात, किंवा स्वतःच भानगडीत असतात. मग त्यांनी काय केलं, तर कॅज्युअल्टीच्या रिसेप्शनवरच्या क्लार्कना पेशंटची नोंद करताना दोन-तीन जास्तीचे प्रश्न विचारायला लावले: कुठे झालं (नेमका बार, नेमकी गल्ली), किती वाजता, कशाने मारलं. नाव-पत्ता काढून टाकायचा आणि उरलेली माहिती पोलीस आणि नगरपालिकेला द्यायची. त्यावरून पोलिसांच्या गस्ती हलवल्या गेल्या, ज्या बारमध्ये वारंवार डोकी फुटत होती त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं, काचेचे ग्लास बदलण्यावर काम झालं.

२०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचा हिशोब आला. कार्डिफची तुलना तशाच १४ शहरांशी केली होती. मारहाणीमुळे अॅडमिट होणाऱ्यांचं प्रमाण कार्डिफमध्ये महिन्याला लाख लोकांमागे ७ वरून ५ वर आलं, त्याच काळात बाकीच्या शहरांत ते ५ वरून ८ वर गेलं. पोलिसांकडे किरकोळ मारामाऱ्यांच्या नोंदी मात्र कार्डिफमध्ये वाढल्या, आणि अभ्यासकांनी याचा अर्थ असा लावला की भांडण रक्तापर्यंत जायच्या आधीच पोलीस पोचायला लागले. शेफर्ड यांना २००८ मध्ये गुन्हेशास्त्रातलं स्टॉकहोम पारितोषिक मिळालं होतं, एका सर्जनला! आता अमेरिकेत अटलांटा, मिलवॉकीमध्येही ही पद्धत वापरून बघितली गेलीये.

आपल्याकडे मारहाणीची केस आली की एमएलसी (मेडिको-लीगल केस) होते, म्हणजे पोलिसांना कळवलं जातं, मोठ्या सरकारी हॉस्पिटलात हवालदार चौकीत बसलेलाच असतो. ते गरजेचं आहे, कारण त्या कागदावर पुढचा खटला उभा राहतो. हाड मोडलं किंवा दात तुटला तर कायद्यात ती गंभीर दुखापत. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्यात तर माणूस १५ दिवस तीव्र वेदनेत राहिला किंवा रोजची कामं करू शकला नाही तरी गंभीर धरतात, आधी ही मुदत २० दिवसांची होती. पण एमएलसीचा कागद त्या एका केसपुरता असतो. तशा हजार कागदांवरून कुठल्या चौकात, कुठल्या वेळी, कशाने जखमा होतायत हे काढण्यासाठी तो बनवलेलाच नाही, आणि मला वाटतं आपलं मोठं नुकसान इथेच होतंय. माहिती आपल्याकडे रोज जमा होते आणि रजिस्टरमध्येच राहते.

घरातल्या मारहाणीच्या बाबतीत मात्र मुंबईने देशाच्या आधी पाऊल टाकलं. २००० साली महापालिका आणि सेहत या संस्थेने मिळून वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये दिलासा केंद्र सुरू केलं, हॉस्पिटलच्या आतच समुपदेशक, बाह्यरुग्ण विभागाच्या शेजारी. बाईला पोलीस चौकीत जायला कारण सांगावं लागतं, हॉस्पिटलमध्ये जायला लागत नाही. डॉक्टर आणि सिस्टरना खुणा ओळखायला शिकवलं गेलं, फक्त जखमांच्याच नाही, "चुकून फिनाईल पोटात गेलं" असं सांगून आणलेल्या बाईलाही एकटीला गाठून विचारायचं. हे किती लागतं बघा: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती. उरलेल्यांपैकी कित्येकींच्या आयुष्यात जखमेला टाके घालणारी सिस्टर हीच कदाचित घराबाहेरची पहिली व्यक्ती असते जिने विचारलं तर सांगता येईल.

विचारायची पद्धतही महत्त्वाची. सोबत आलेल्या नवऱ्याला किंवा सासूला एक्सरेची पावती करायला पाठवायचं आणि मग सरळ, "अशी जखम कोणी मारल्यावर होते, तुम्हाला कोणी मारलं का?". ती नाही म्हणाली तर जबरदस्ती करायची नाही, जखम कुठे, किती लांब, कुठल्या रंगाची एवढं तरी केसपेपरवर लिहायचं, महिन्याभराने ती परत आली तर मागचा कागद कामाला येतो.

आणि तुम्ही कोणाला घेऊन कॅज्युअल्टीत गेलात तर एवढं लक्षात ठेवा, आधी पोलीस स्टेशनला जाऊन या असं म्हणून उपचार थांबवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये परमानंद कटारा केसमध्ये हे सांगून ठेवलंय, आधी जीव मग कागद. डोक्याला मार असेल तर रात्रभर कोणीतरी जवळ थांबा. एमएलसी नंबर लिहून घ्या. टाके घालायच्या आधी जखमेचे फोटो काढा, शेजारी स्केल किंवा एखादं नाणं ठेवून. अॅम्ब्युलन्ससाठी १०८, पोलिसांसाठी ११२, बायकांसाठी १८१.