लेन्स घ्यायला येताना कॅमेऱ्याची बॉडी सोबत आणावी
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

फोर्टमधील आमच्या दुकानात येणारे बरेच ग्राहक विरार, डोंबिवली, पनवेल अशा लांबच्या ठिकाणांहून लोकलने येतात, आणि त्यांतील अनेकांना रिकाम्या हाताने परतावे लागते, कारण कॅमेरा घरी असतो आणि त्याचे मॉडेल नेमके कोणते, हे आठवत नसते. ‘कॅननचा आहे, त्याला पन्नासची लेन्स द्या’ एवढ्या माहितीवर लेन्स देता येत नाही. एकाच कंपनीच्या सगळ्या लेन्स त्या कंपनीच्या सगळ्या कॅमेऱ्यांना बसतात, ही समजूत चुकीची आहे.

कॅननचा ईएफ माउंट (म्हणजे लेन्स बॉडीला जोडण्याची बैठक) १९८७ साली आला, त्याच माउंटवर छोट्या सेन्सरच्या (सेन्सर म्हणजे बॉडीतील चित्र टिपणारा भाग) कॅमेऱ्यांसाठी २००३ मध्ये ईएफ-एस लेन्स आल्या, आणि २०१८ मध्ये मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांसाठी आरएफ हा वेगळाच माउंट सुरू झाला. आज बाजारात या तिन्ही प्रकारांच्या लेन्स एकाच वेळी मिळतात आणि तिन्हींच्या खोक्यावर कॅनन हेच नाव असते. ईएफ पद्धतीत लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४४ मिलिमीटर असते, तर आरएफमध्ये आरसा नसल्यामुळे ते २० मिलिमीटरवर आले आहे. म्हणूनच जुनी ईएफ किंवा ईएफ-एस लेन्स मधे अ‍ॅडॅप्टर, म्हणजे जोडकडी, लावून नव्या आर मालिकेतील बॉडीवर उत्तम चालते, पण नवी आरएफ लेन्स १५००डी किंवा २००डी यांसारख्या डीएसएलआरवर, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर, कोणत्याही उपायाने चालत नाही. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा आणि झेड माउंट २०१८ चा; तेथेही हाच एकेरी रस्ता आहे.

सर्वाधिक घोटाळा पन्नास मिलिमीटर एफ/१.८ या लेन्समध्ये होतो, कारण कॅमेऱ्यासोबतच मिळणाऱ्या किट लेन्सनंतर बहुतेक हौशी छायाचित्रकार हीच लेन्स घेतात. कॅननच्या ईएफ आणि आरएफ अशा दोन्ही माउंटमध्ये ती मिळते आणि दोन्हींच्या नावात ‘५० एमएम एफ/१.८ एसटीएम’ हे शब्द तसेच असतात. दोन्ही लेन्स शेजारी ठेवून पाहिल्यास फरक ओळखता येतो: ईएफ लेन्सच्या बैठकीजवळ लाल ठिपका असतो, आरएफवर त्या जागी लाल रेघ असते, आणि ईएफ-एस असेल तर पांढरा चौकोन असतो. घरातील कॅमेऱ्याची लेन्स काढून बॉडीच्या कडीवर यांपैकी कोणती खूण आहे ते पाहिले, तरी निम्मा प्रश्न सुटतो. ठिपका आणि चौकोन दोन्ही दिसले, तर ती बॉडी ईएफ आणि ईएफ-एस अशा दोन्ही लेन्स घेते. फक्त ठिपका असेल, तर ईएफ-एस लेन्स तिच्यावर बसणार नाही.

निकॉनच्या बाबतीत चूक याहून फसवी असते, कारण लेन्स बसते आणि तरीही काम करत नाही. ५० मिलिमीटर एफ/१.८डी ही जुन्या घडणीची लेन्स स्वस्त असल्यामुळे सेकंडहँड बाजारात तिला मोठी मागणी आहे. परंतु तिच्यात फोकसची मोटर नसते. ती मोटर बॉडीत असावी लागते. डी७५०० मध्ये ती आहे, डी३५०० आणि डी५६०० मध्ये नाही, आणि एफ माउंटच्या लेन्स झेड बॉडीवर लावण्याच्या निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरमध्येही नाही. या बॉडींवर ती लेन्स चढते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने फिरवावा लागतो, आणि ग्राहक लेन्स बिघडली आहे असे समजून आमच्याकडे येतात. अशा बॉडीसाठी एएफ-एस किंवा एएफ-पी अशी अक्षरे असलेलीच लेन्स घ्यावी. चार पैसे जास्त पडतील, पण धावणाऱ्या मुलाचा फोटो काढताना त्याचे मोल कळते.

या सर्व कारणांमुळे आम्ही खोके फोडण्यापूर्वी मॉडेल विचारतो आणि बॉडी समोर असल्यास लेन्स चढवून, काही फोटो काढून, ऑटोफोकस चालत असल्याची खात्री झाल्यावरच बिल करतो. काही ग्राहकांना हा वेळकाढूपणा वाटतो. परंतु सील फोडलेली लेन्स वितरक आमच्याकडून परत घेत नाही, आणि ती दुसऱ्या ग्राहकाला नवी म्हणून विकणे आम्हाला मान्य नाही. त्यामुळे बॉडी न दाखवता नेलेली लेन्स केवळ बसत नाही म्हणून परत घेतली जात नाही; उलट आमच्या काउंटरवर चढवून दिलेली लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर चालेल, याची जबाबदारी पूर्णपणे आमची असते. बॉडी आणणे शक्यच नसेल, तर कॅमेऱ्याचा समोरून एक आणि तळाच्या पट्टीचा एक असे दोन फोटो मोबाइलमध्ये काढून आणावेत. परदेशी व्हिडिओ पाहून मॉडेल सांगू नये. आपल्याकडे १५००डी म्हणून विकला जाणारा कॅमेरा युरोपात २०००डी आणि अमेरिकेत रेबेल टी७ या नावाने विकला जातो.

कोणती लेन्स घ्यावी, हे मात्र आपण काय टिपणार आहात यावर ठरते. शिवडीच्या खाडीतील फ्लेमिंगोंसाठी लांब पल्ल्याची लेन्स हवी, हे सर्वांना माहीत असते. पण त्यासाठी कॅननच्या डीएसएलआरचे ग्राहक स्वस्त पडते म्हणून ७५-३०० घेतात, तेव्हा आम्ही त्यांना आवर्जून थांबवतो. त्या लेन्समध्ये हात हलण्यावरचा उपाय, म्हणजे इमेज स्टॅबिलायझेशन, नाही. छोट्या सेन्सरच्या बॉडीसाठी ५५-२५० आयएस एसटीएम ही लेन्स आम्हाला अधिक योग्य वाटते. पन्नास मिलिमीटर कमी पडले तरी फोटो हललेला येण्याचा धोका बराच कमी होतो. शिवाय कॅननच्या छोट्या सेन्सरमुळे चौकट १.६ पटीने आवळली जाते, म्हणजे २५० ची दृष्टी ४०० सारखी भासते. याच कारणाने ५० ची लेन्स ८० सारखी वागते, आणि दहा बाय दहाच्या खोलीत घरच्या बारशाचा पूर्ण गट तिच्यात मावत नाही. घरातल्या समारंभांसाठी २४ किंवा ३५ चा विचार करावा.

फिल्टर घेतानाही एक गफलत नेहमीची आहे. लेन्सवर १८-५५ असे लिहिलेले पाहून ग्राहक ५५ चा फिल्टर मागतात, परंतु तो आकडा फोकल लांबीचा, म्हणजे लेन्स किती रुंद किंवा किती लांबचे टिपते याचा, असतो. फिल्टरचा आकडा लेन्सच्या पुढील कडेवर, तिरकी रेघ मारलेल्या वर्तुळाच्या खुणेपुढे असतो: कॅननच्या नेहमीच्या १८-५५ ला ५८, निकॉनच्या एएफ-पी १८-५५ ला ५५, आणि तिच्या आधीच्या एएफ-एस व्हीआर लेन्सला ५२. बॅटरीसाठी जुनी बॅटरी आणावी, म्हणजे तिच्यावरील क्रमांक जुळवता येतो. मेमरी कार्डावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग हा बहुधा वाचनाचा असतो. व्हिडिओ काढणाऱ्यांनी व्ही३० ही खूण पाहावी, कारण तिचा अर्थ सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लेखन असा आहे.

पहिलाच कॅमेरा घेणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की सगळे पैसे बॉडीवर घालू नयेत. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची २० बाय १३ इंचांची छपाई उत्तम होते, आणि घरच्या भिंतीला त्याहून मोठी क्वचितच लागते. बॉडी काही वर्षांनी बदलली जाते, चांगली लेन्स मात्र त्यानंतरही हाताशी राहते. म्हणून बॉडीचा भाव विचारतानाच त्या माउंटमध्ये पुढे कोणत्या लेन्स मिळतात, हेही विचारावे. आम्ही ते सविस्तर सांगू.

पावसाळ्याविषयी मात्र आग्रहाने लिहावे लागते. जून ते सप्टेंबरमध्ये मुंबईची हवा इतकी दमट असते की कपाटात, त्यातही कापडी किंवा चामड्याच्या बॅगेत, बंद ठेवलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी काचेच्या आत पसरते, आणि वेळीच साफ केली नाही तर काचेवरील लेप कायमचा खराब होतो. लेन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावी, निळे दाणे गुलाबी झाले की पिशवी बदलावी, आणि आठवड्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढून वापरावी. तीन-चार लेन्स असतील, तर विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट घेणे हिताचे. त्यातील आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवावी, कारण फार कोरड्या हवेत रबर आणि आतले वंगण खराब होते. लहान आकाराची कॅबिनेट आमच्याकडे चालू स्थितीत पाहायला मिळतात, आणि लेन्स सोबत आणल्यास तिच्यात बुरशी धरली आहे का, हे आम्ही टॉर्च लावून विनामूल्य पाहून देतो.