पंधरा तास कुठून आले?

‘ऑक्सिजन दोन लिटर, रोज पंधरा तास, घरी.’ दवाखान्यातून सुटी मिळाली तेव्हा मामांच्या कागदावर पुढच्या आयुष्याबद्दल एवढी एकच ओळ होती. पंधराच का, दहा का नाही, चोवीस का नाही, हे कोणी सांगितलं नाही आणि आमच्यापैकी कोणी विचारलंही नाही. गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे सोलापुरातल्या संक्रांतीच्या जत्रेच्या, सुमारास हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र, कॉन्सन्ट्रेटर, घरात आलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ओळखीच्या एका घरानं ते घेतलं होतं, नंतर माळ्यावर पडून होतं. महिन्याभरानं मी गेले तर यंत्र बंद, आणि त्याच्यावर धुतलेल्या चादरींच्या घड्या.

“दम लागला की लावतो की,” मामी म्हणाली. “दिवसभर घरघर चालू ठेवून काय करायचंय? लाईटबिल बघितलंस का?”

मामीचा हिशोब चुकीचा नव्हता. साडेतीनशे वॅटचं यंत्र पंधरा तास चाललं की दिवसाला सव्वापाच युनिट जळतात, महिन्याला दीडशेच्या वर. पेन्शनीत भागवणाऱ्या घराला हा आकडा बोचतोच. शिवाय यंत्र लावून मामांना लगेच बरं वाटतं असंही नाही. म्हणून हे पंधरा तास आले कुठून ते मी शोधत गेले. त्यामागे साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि सोलापुरात ज्यांच्या घरी अशी यंत्रं आहेत त्यांना तो कळायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आधी फुफ्फुसांचं. सोलापुरात पहिली मोठी कापड गिरणी सुरू झाली १८७७ साली. तीच पुढे ‘जुनी गिरणी’ झाली. भोंग्यावर शहर उठायचं आणि भोंग्यावर निजायचं. मामांनी उमेदीची वर्षं काढली ती सूतगिरणीच्या कार्डिंग खात्यात. कापसाच्या गाठी फोडून पिंजून झालेला कापूस तिथे विंचरला जातो. त्या खात्यातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या भुवयाही पांढऱ्या झालेल्या असत. सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळल्यासारखी होते आणि आठवडा सरता सरता सैल पडते, हे मामा पूर्वीपासून सांगायचे. आम्ही ते हवामानावर ढकलायचो.

या दुखण्याला नाव आहे, बिसिनोसिस. जवसाचा आणि भांगेचा वाख विंचरणाऱ्यांना धुळीनं खोकला लागतो हे रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानं १७०० सालच्या ग्रंथात नोंदवलं होतं. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी वाढणाऱ्या दम्याची शिस्तशीर मोजणी मात्र १९५०च्या दशकात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग यांनी केली. आपल्याकडे कायद्यानं मान्य केलेल्या, कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत बिसिनोसिस आहे. कागदावर आहे, एवढंच मी म्हणेन. आमच्या ओळखीतल्या एकाही गिरणी कामगाराच्या केसपेपरवर तो शब्द मी पाहिलेला नाही. सगळीकडे ‘दमा’.

गिरण्यांच्या जोडीला इतरही कारणं आहेत. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बायका, विडी ओढणारे पुरुष, आणि तरुणपणी टीबी होऊन बरे झालेले, पण फुफ्फुसात कायमचे व्रण राहिलेले लोक. आजोबांच्या पिढीत टीबी झाला की सोलापूरचा माणूस मिरजेच्या वानलेसवाडीच्या सॅनेटोरियमला जायचा, पैसे असतील तर. औषधं नियमित मिळाली तर घरी राहूनही टीबी तेवढाच बरा होतो आणि घरच्यांना जास्त धोका होत नाही, हे मद्रासच्या अभ्यासानं १९५९ मध्ये दाखवून दिलं. रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडले, एक सॅनेटोरियममध्ये आणि एक मद्रासच्या गरीब वस्त्यांतल्या स्वतःच्या घरी. जगभरची सॅनेटोरियमं पुढे ओस पडली, त्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. घरातला उपचार दवाखान्यातल्या उपचाराइतकाच पक्का असू शकतो, हे आपल्याच देशात सिद्ध झालेलं आहे. मामीला मी हे मुद्दाम सांगितलं.

आता हृदय यात कुठे येतं ते पाहू. फुफ्फुसाच्या ज्या भागात ऑक्सिजन कमी पोचतो, तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. थोड्या भागापुरतं हे शहाणपणाचंच आहे, रक्त चांगल्या भागाकडे वळतं. पण दोन्ही फुफ्फुसं खराब झाली की सगळीकडेच वाहिन्या आकसतात आणि हृदयाच्या उजव्या कप्प्याला त्या अरुंद वाटांतून रात्रंदिवस रक्त ढकलावं लागतं. वर्षानुवर्षं असं झालं की तो कप्पा थकतो. संध्याकाळी पावलांवर सूज येते, बोटानं दाबलं की खळगा राहतो. मामांच्या पायाला तो खळगा पडायचा आणि आम्ही मीठ कमी करायचो. झोपेत श्वास उथळ होतो, ऑक्सिजन आणखी खाली जातो, म्हणून हृदयाला सगळ्यात जास्त झीज सोसावी लागते ती रात्री, माणूस शांत झोपलेला दिसतो तेव्हा.

ऑक्सिजन औषधासारखा मोजून द्यायचा असतो हे पहिल्या महायुद्धात विषारी वायूनं पोळलेल्या सैनिकांवर उपचार करताना जे. एस. हॉल्डेन यांनी १९१७ मध्ये मांडलं. पण तो तातडीचा उपचार होता. जुनाट दमेकऱ्याला घरी रोज ऑक्सिजन देण्याची कल्पना रुजायला १९६०चं दशक उजाडलं. अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर, थॉमस पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांना सोबत नेता येईल असा ऑक्सिजन दिला. रुग्ण जास्त चालू लागले, दाट झालेलं रक्त पातळ झालं, हृदयावरचा ताण कमी झाला. बघणाऱ्याला वाटावं, आता आणखी काय पुरावा हवा?

पुरावा हवाच होता. हे रुग्ण ऑक्सिजनमुळे सुधारले की कोणीतरी रोज विचारपूस करत होतं, औषधं वेळेवर देत होतं म्हणून? ज्यांना ऑक्सिजन दिला नाही असे तसेच रुग्ण शेजारी ठेवून मोजल्याशिवाय हे कळत नाही.

ते मोजमाप दोन अभ्यासांत जवळजवळ एकाच वेळी झालं. अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात २०३ रुग्ण होते. एका गटाला फक्त रात्रीचे बारा तास ऑक्सिजन, दुसऱ्याला शक्य तितका वेळ, जो प्रत्यक्षात सरासरी अठरा तासांच्या आसपास भरला. निकाल १९८० मध्ये आला, फक्त रात्री घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जवळजवळ दुप्पट. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासात ८७ रुग्ण होते. ४२ जणांना रोज किमान पंधरा तास ऑक्सिजन, सुरुवात मिनिटाला दोन लिटरनं. ४५ जणांना बाकी सगळे उपचार, पण ऑक्सिजन नाही. पाच वर्षांत पहिल्या गटातले १९ गेले, दुसऱ्यातले ३०. हे १९८१ साली छापून आलं. मामांच्या कागदावरचे पंधरा तास तिथून आले आहेत, आणि दोन लिटरही.

पंधराचा आकडा कुठल्या सूत्रातून निघालेला नाही. रात्रभराची झोप आणि वर दिवसाचे काही तास, घरी राहणाऱ्या माणसाला निभावेल असा तो हिशोब आहे.

ब्रिटनच्या या अभ्यासातली एक नोंद मला सगळ्यात मोलाची वाटते. ऑक्सिजन घेणाऱ्या पुरुषांत जगण्यातला फरक पहिले सुमारे पाचशे दिवस दिसलाच नाही. दोन्ही गटांतले पुरुष सारखेच जात होते. फरक उघडा पडला तो त्यानंतर. म्हणजे महिनाभर यंत्र लावून ‘काही उपयोग होत नाही’ असं म्हणणारी मामी जे पाहत होती, तेच संशोधकांनीही पाहिलं होतं. ते मोजत राहिले, एवढाच फरक.

जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त चांगलं, हा समज मात्र घातक आहे. जुनाट फुफ्फुसविकारात काहींच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. त्यांना भरमसाट ऑक्सिजन दिला तर तो आणखी वाढतो, माणूस गुंगीत जातो, कधी परत येत नाही. मोजून-मापून ऑक्सिजन देणारा मास्क मोरन कॅम्पबेल यांनी १९६० मध्ये केला तो याच भीतीतून. तरीही रुग्णवाहिकेत नळ पूर्ण सोडायची सवय कितीतरी वर्षं टिकली. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात ४०५ रुग्णांवर रुग्णवाहिकेतच तुलना झाली, २०१० मध्ये निकाल आला: भरपूर ऑक्सिजनच्या गटात ९ टक्के दगावले, मोजून दिलेल्या गटात ४ टक्के. दम जास्त लागला म्हणून यंत्राचा काटा दोनवरून पाचवर नेणारे हात प्रेमाचेच असतात. मी स्वतः एकदा तो फिरवला आहे. आता त्या काट्याशेजारी चिकटपट्टी लावून ‘२’ लिहून ठेवलंय.

हृदयाच्या झटक्यातही हेच झालं. छातीत कळ आली की तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हे सिनेमापासून अतिदक्षता विभागापर्यंत सगळीकडे ठरलेलं. स्वीडनमध्ये झटक्याच्या संशयानं आलेल्या ६६२९ रुग्णांवर याची परीक्षा झाली. रक्तातला ऑक्सिजन मुळात ठीक असलेल्या अर्ध्या रुग्णांना ऑक्सिजन दिला, अर्ध्यांना साधी हवा. वर्षभरातले मृत्यू ५.० टक्के आणि ५.१ टक्के. २०१७ मधल्या या निकालानंतर ज्याला कमी पडत नाही त्याला ऑक्सिजन देण्यात अर्थ उरला नाही.

कोविडनंतर घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरबद्दलही इथेच सांगते. आकडा ९१-९२ दिसला की यंत्र भाड्यानं आणणारी घरं माझ्या माहितीत आहेत. अमेरिकेत ७३८ रुग्णांवर याचाही अभ्यास झाला, २०१६ मध्ये निकाल आला. थोडासाच कमी ऑक्सिजन असलेल्यांना घरच्या ऑक्सिजननं ना आयुष्य वाढलं ना दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. फायदा आहे तो खऱ्या अर्थानं खालावलेल्यांना, साधारण ८८ किंवा त्याखाली, तेही आजार स्थिर असताना रक्त तपासून ठरवलेलं असेल तर. मामांचं ८५ होतं.

आणि चोवीस तास? पंधरानं एवढा फायदा, तर दिवसभर का लावू नये, हा प्रश्न चाळीस वर्षं तसाच पडून होता. स्वीडनमधल्याच २४१ रुग्णांवर त्याचं उत्तर शोधलं गेलं, २०२४ मध्ये ते आलं. चोवीस तासवाले आणि पंधरा तासवाले यांच्यात वर्षभरातलं दवाखान्यात भरती होणं आणि मृत्यू यांचं प्रमाण सारखंच निघालं. अंघोळीला, देवळात, नातवाला शाळेत सोडायला नळी काढून जाता येतं हे या २४१ माणसांमुळे पक्कं झालं.

एक गोष्ट मला खटकते. ब्रिटनच्या त्या अभ्यासातल्या ८७ जणांत बायका २१ होत्या. गिरणीची धूळ, चुलीचा धूर, जुना टीबी घेऊन बसलेली माणसं तिथे कोण असणार? हे आकडे आपण आपल्या माणसांना लावतो, दुसरे नाहीत म्हणून. सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे, आणि सिव्हिलच्या ओपीडीत छातीचे रुग्ण कधी कमी नसतात. अभ्यास इथेही व्हायला हवेत. भारतात औषधांच्या चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि २०१९च्या नियमांत संमतीची पद्धत नीट लिहिलेली आहे. माहितीचा कागद रुग्णाला कळेल अशा भाषेत हवा, वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार हवा. सोलापुरात ‘कळेल अशी भाषा’ म्हणजे फक्त मराठी नाही. पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या कितीतरी बायका घरात तेलुगू बोलतात, शहराच्या दुसऱ्या टोकाला कन्नड. तिथला मराठी कागद समजून न घेता उठवलेला अंगठा संमती कसा ठरेल? आणि तुम्हाला चिठ्ठीनं ऑक्सिजन न मिळणाऱ्या गटात टाकलं जाऊ शकतं, हे आईच्या भाषेत सांगितल्याशिवाय कोणाला पटणार?

हे सगळं मी मामीला एका दुपारी सांगितलं. ती विड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन बसली होती. तंबाखूचं सूप आता यंत्राच्या खोलीबाहेर, आणि त्या खोलीत काडी ओढायची नाही, हे तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. पाचशे दिवसांचं ऐकून तिची कात्री थांबली.

“पाचशे म्हणजे कधी गं?”

आम्ही भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली. गड्ड्यापासून मोजत गेलो तर पुढच्या वर्षीचा मे महिना निघाला. मामी उठली, चादरींच्या घड्या यंत्रावरून उचलून पलंगावर ठेवल्या आणि दिनदर्शिकेच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं: रात्री नऊ ते सकाळी सात, दहा. दुपारी एक ते सहा, पाच.